वर्षाची लॅब आणि माझी अपडेटं

५ ऑक्टोबर २०११, खंडेनवमी

बांधकाम खात्यात साइटवर होतो तेव्हा रोज डायरी लिहायचो, कारण न लिहिल्यास साहेब विचारायचे. रिटायर झालो, विचारणारं कुणी उरलं नाही, डायरीही सुटली. आज पुन्हा सुरू करतोय, कारण सूनबाईने मला कामाला लावलं आहे.

घराच्या तळमजल्यावर माझ्या मुलाचा, अमरनाथचा क्लास आहे. तिथे आता कॉम्प्युटरची लॅब झाली. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची परीक्षा आता कॉम्प्युटरवरही देता येते, म्हणून पोरांना सराव पाहिजे. नांदेड, देगलूर, नायगाव, कुठून कुठून पोरं लातुरात येऊन खोल्या करून राहिली आहेत आणि त्यांचे आईबाप फी भरायच्या आधी विचारतात, लॅब आहे का. अमरनाथचं म्हणणं होतं की लॅब पुण्याच्या एका एजन्सीला चालवायला द्यावी. सूनबाई वर्षाराणी म्हणाली, "मग मी बीसीएस कशाला केलं? पापड लाटायला?" पोरगी निलंग्याची आहे, बोलायला कमी नाही. शेवटी तोडगा निघाला. डिसेंबरातल्या मोठ्या सराव परीक्षेपर्यंत लॅब तिच्याकडे. परीक्षा नीट पार पडली तर लॅब कायमची तिची, गोंधळ झाला तर एजन्सीची.

आज मशिनींची पूजा केली. मी बाराही मॉनिटरांच्या कपाळावर तीन बोटं विभूती ओढली. वर्षाने मागून येऊन काचेवरची हळूच पुसली, वरच्या काठावरची राहू दिली.

मग म्हणाली, "अप्पा, ह्या मशिनींवर लिनक्स हाय. सारखी अपडेटं येत्यात. खिडकी उघडती, तिच्यात यादी असती, बटण दाबलं की झालं. काही टाइप करायचं न्हाई. मला तासांतून सवड न्हाई होत. तुम्ही बघता का?"

मी म्हणालो, मला माउस धरता येत नाही.

"एवढ्या भिंती तपासल्या की तुम्ही. माउसचं काय घेऊन बसलात."

अमरनाथ पलीकडे उभा राहून हसत होता. त्याच्या हसण्यामुळेच मी हो म्हणालो.

८ ऑक्टोबर

माउस हे जनावर तिरकं चालतं. आपण उजवीकडे न्यावं तर ते टेबलाच्या कडेवरून खाली जातं. तरी दुपारपर्यंत वळण लावलं.

अपडेटची खिडकी चांगली केलेली आहे. डावीकडे चौकोन, चौकोनात बरोबरची खूण, पुढे नाव, आणि नावावर क्लिक केलं की काय बदललं ते खाली लिहून येतं. आमच्या खात्यात इतका सरळ अहवाल कधी पाहिला नव्हता. नावं मात्र विचित्र. निम्म्यांच्या पुढे 'लिब'. लिब अमुक, लिब तमुक. हे लिब घराणं मोठं दिसतं, गावात पाटील असावेत तसं. ज्यांचं काम कळलं नाही त्यांच्या चौकोनातली खूण मी काढून टाकली.

वर्षा डोकावली. "अप्पा, सगळं निवडून टाका की. एका बटणाचं काम हाय."

मी तिला सांगितलं, त्र्याण्णवच्या भूकंपानंतर निलंगा-औशाकडची घरं आम्ही पाडली नाहीत, उभी ठेवून मजबूत केली. माणसं आत भाकरी थापत बसलेली आणि आम्ही भिंतीला आरपार भोक पाडून सळई घालून काँक्रीट भरतोय. एकाही घरावर न बघता सही केली नाही मी. इथे एका बटणावर बारा मशिनींची सही करू?

तिने यादीकडे पाहिलं. मग म्हणाली, "हाव, बरोबर हाय तुमचं. बघूनच करा. किती बी वेळ लागू द्या."

समजूतदार आहे. सांगितलं की ऐकते.

१९ ऑक्टोबर

आता सिनॅप्टिक नावाचं दुसरं अवजार शिकलो. अपडेटच्या खिडकीचा हा थोरला भाऊ. मशिनीत असलेलं नसलेलं सगळं सामान यात दिसतं. एखादं नवं करायला घेतलं की ते आधी विचारतं, याच्याबरोबर ही आणखी चार बदलावी लागतील, चालेल का? मला हे फार आवडलं. लिब घराण्याचाही उलगडा झाला. ते स्वतः दिसत नाहीत, पण बाकी सगळे त्यांच्यावर उभे असतात. एवढे दिवस मी त्यांनाच वगळत होतो. आज सगळ्यांना मान देऊन आत घेतलं.

चहाची एक तक्रार लिहून ठेवतो. माझी बायको शांतम्मा असताना सकाळचा चहा मला वर, पलंगाशी मिळायचा. ती वैशाखात गेली, त्यानंतर वर्षा आणून द्यायची. दसऱ्यापासून तिने ते बंद केलं. म्हणते, वर पाठवायला माणूस नाही, चहा लॅबमध्ये मिळेल. मग काय, अंघोळ, पूजा उरकून, धुतलेला सदरा घालून खाली जावं लागतं. पोरांपुढे लुंगीवर कसं जाणार? घरात तिघं माणसं, आणि एक कप जिना चढत नाही. असो, तिला खरंच सवड नसते.

२७ ऑक्टोबर, पाडवा

आज काही केलं नाही. शांतम्माशिवायची पहिली दिवाळी. ओवाळायला वर्षा आली तेव्हा मी झोपलोय असं दाखवलं. तिने ओळखलं नाही बहुधा. ताट घेऊन बराच वेळ दारात उभी होती.

शांतम्माची आठवण येते. दुसरं काय लिहायचं.

२८ ऑक्टोबर

सकाळी वर्षा जिन्यात उभी राहून ओरडली, "अप्पा, पाच नंबरवर बत्तीस अपडेटं आलीत. एवढी कधी आली न्हाईत. मला कळंना झालंय." गेलो. बत्तीस काही नव्हती, बरीच कमी होती. मोजण्यात गल्लत केली असेल. पण जाऊन बसलो ते दुपारपर्यंत. भूकही लागली.

११ नोव्हेंबर

सिनॅप्टिकमध्ये नवं बसवता येतं तसं असलेलं काढताही येतं. पत्त्यांचे खेळ, सुरुंगाचा खेळ, सापाचा खेळ असं बरंच काही मशिनींत सापडलं. क्लासमध्ये हे कशाला? सगळ्या मशिनींवरून काढून टाकलं. संध्याकाळी आमचा शिपाई केरबा येऊन सांगू लागला, "अप्पा, पोरं लई तोंड पाडून बसल्यात. कुणी तरी मयत झाल्यावानी." होऊ दे. अमरनाथ पहिल्यांदाच म्हणाला, चांगलं केलंत. मागून वर्षाने मला हळूच सांगितलं की सुरुंगाच्या खेळात अमरनाथचाच सगळ्यांत वरचा नंबर होता.

२ डिसेंबर

पुण्याच्या एजन्सीचा माणूस आला होता. गळ्यात ओळखपत्र, हातात दोन मोबाइल. माझ्याकडे बघून अमरनाथला विचारलं, हे इथे काय करतात? अमरनाथ म्हणाला, "अप्पा आपले बसून राहतात." मला लागलं ते. बसून राहतात म्हणजे काय? बारा मशिनींची देखभाल मी करतो.

त्या माणसाला आमचं वायरिंग बघून नवल वाटलं. इन्व्हर्टरसुद्धा मेन स्विचच्या ताब्यात कसा, असं विचारू लागला. मी सांगितलं, एक खटका खाली ओढला की इथे वीज म्हणून राहत नाही, तसं मी करून घेतलंय. त्याला कारण शांतम्मा. त्र्याण्णवला आम्ही कितीतरी दिवस अंगणात ताडपत्रीखाली झोपलो. परत घरात आलो तेव्हा तिने नियम घातला की घरातून शेवटी निघणाऱ्याने गॅस बंद करायचा, मेन पाडायचं, मग कुलूप. लग्नाला निघालो असू, नाहीतर दवाखान्यात. ती गेली तरी घरात नियम चालू आहे. माझ्याहून वर्षाच तो जास्त पाळते.

तो माणूस गेल्यावर वर्षा रडवेली झाली होती. म्हणाली, "अप्पा, परीक्षेत एक जरी मशीन अडलं ना, तर हे त्यालाच देणार. मग मी काय करू दिवसभर?"

मी म्हणालो, मी आहे ना. ती हसली. लॅब गेली तर माझं काय, हे मीही तिला विचारलं नाही. वर, त्या खोलीत, दिवसभर बसण्याची कल्पना मला करवत नाही.

२२ डिसेंबर

सोमवारी परीक्षा. आज सगळ्या मशिनींवर सराव पेपर उघडून पाहिला, कुठे अडलं नाही. वर्षाने बजावलं, "अप्पा, आता सोमवारपर्यंत कशालाच हात लावायचा न्हाई. खिडकी उघडली तरी बंद करा. जे चाललंय ते चालू द्या."

मी हो म्हणालो.

२४ डिसेंबर, येळवस

आजचं लिहायलाच पाहिजे.

आज येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. लातुरात चिटपाखरू उरत नाही, सगळे शेतात जेवायला. आमचंही औशाच्या रस्त्याला रान आहे. मला जायचं नव्हतं. दर येळवशीला पहाटे उठून भज्जीच्या मिसळ भाजीला घाटा मारणारी बाई नाही, आणि पूजेच्या त्या कडब्याच्या खोपीपुढे मी जेवायला बसू? पण तसं बोललो असतो तर घरदार हिरमुसलं असतं. म्हणून अमरनाथला सांगितलं, तुम्ही व्हा पुढे, मी केरबाच्या गाडीवर येतो. केरबाला सांगितलं, तू तुझ्या रानात जा, मी घरच्यांबरोबर जाईन. दोघांना पटलं.

मग मागच्या दाराने लॅबमध्ये जाऊन बसलो. नुसतं बसायचं होतं. सवयीने मशिनं सुरू केली. तर एकेका पडद्यावर खिडकी उघडत गेली. महत्त्वाची सुरक्षा अपडेटं. बाराच्या बारांवर.

सुरक्षा असं लिहिलेलं काम दोन दिवस तसंच ठेवायचं? घरमालक म्हणायचे, साहेब, सण होऊ द्या, मग भिंतीला हात लावा. मी कधी ऐकलं नाही. वर्षा लहान आहे, तिला काय माहीत. सगळे रानात आहेत तोवर उरकून टाकू, सोमवारी मशिनं आणखी पक्की. वेळ थोडा होता, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा एकेक न तपासता सगळं निवडलं. बाराही मशिनींवर. आणि इन्स्टॉलचं बटण दाबलं.

हिरव्या पट्ट्या सरकत होत्या. उतरवून झालं, बसवणं चालू झालं. बघायला बरं वाटत होतं. आणि खट् आवाज होऊन सगळं गेलं. पंखा, पडदे, इन्व्हर्टरचा दिवा, सगळं. बाहेर वर्षाच्या स्कूटीचा आवाज लांब जाताना ऐकू आला. ती शेवटी निघाली होती. घर रिकामं आहे असं समजून तिने गॅस बंद केला, मेन पाडलं, कुलूप लावलं. नियमाप्रमाणे.

आतल्या दाराने जिन्याखाली जाऊन मेन वर केलं. मशिनं लावली. दोन-तीन उठली. बाकीच्यांवर काळा पडदा आणि पांढरी इंग्रजी अक्षरं. बसवणं अर्ध्यात तुटलेलं. भिंत फोडून ठेवली आणि भरायच्या आधी गवंडी पळाले.

फोन खिशात होता. केला नाही. तिथे ती सगळ्यांना वाढत असेल, तिला कशाला सांगू. खुर्चीवर बसून राहिलो. मी म्हातारा झालो आणि मला कळलं नाही, एवढंच डोक्यात येत होतं. तिने माझ्यावर विश्वासाने काम टाकलं आणि मी तिचीच लॅब घालवली.

उन्हं कलायच्या आधी कुलूप वाजलं. शेजारच्या त्याच्या रानात केरबा एकटाच दिसला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं होतं की अप्पा कुणाबरोबरच नाहीत. वर्षा तशीच फिरली होती. आधी वर जाऊन आली, मग लॅबच्या दारात येऊन उभी राहिली. हातात डबा, केसांत रानातला कचरा. तिने माझ्याकडे बघितलं, मग पडद्यांकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

मी म्हणालो, "वर्षा, तू नको म्हणाली होतीस तरी मी अपडेटं लावली. वाटोळं केलं मी."

ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही जेवलात का?"

"अगं, मशिनं..."

"मशिनं कुठं जात न्हाईत. आधी भज्जी खा. आंबील बी हाय. सकाळपास्नं उपाशी बसलात व्हय अंधारात?"

तिने माझ्यापुढे माउस सरकवून डबा मांडला. भज्जी शांतम्माची नव्हती, पण आंबिलात लसूण बरोबर तिच्याइतकाच होता. मला रडू आलं. लिहायला लाज कसली, आलं. ती बाजूच्या खुर्चीवर बसून बाजरीचा उंडा मोडून मोडून माझ्या ताटात टाकत राहिली.

मग तिने पदर खोचला. मशीन सुरू होताना एक बटण दाबून धरलं की दुरुस्तीची यादी येते. त्यात एक ओळ आहे, अर्धवट राहिलेली पॅकेजं नीट करा. ती निवडली की मशीन स्वतःच सुटलेला धागा शोधून पुढे विणत जातं. पहिली दोन तिने केली. तिसऱ्याला म्हणाली, "आता तुम्ही करा."

"माझा हात नको गं लागायला आता."

"तुमचाच पाहिजे. मी एकटी किती करू?"

दिवस मावळेपर्यंत एक सोडून सगळी उठली. सात नंबर काही केल्या उठेना.

२५ डिसेंबर

अमरनाथला सांगावं लागलं. तो चिडला. "तरी मी म्हणून राहिलो होतो. हा काय खेळ हाय का? अप्पा, तुम्ही कशाला त्याच्यात हात घालून राहिलात? उद्यापास्नं तुम्ही वर आराम करा. लॅब देऊन टाकतो एजन्सीला."

मी म्हणालो, चूक माझी आहे, तिची लॅब घेऊ नकोस.

वर्षा म्हणाली, "चूक माझी हाय. मेन मी पाडलं. खाली बघायला पाहिजे होतं."

मी म्हणालो, ती नियमाने वागली. ती म्हणाली, अप्पांनी सुरक्षेचं काम केलं, त्यात काय चुकलं? मी म्हणालो, तू मना केलं होतंस. ती म्हणाली, मी कारण कुठे नीट सांगितलं? आम्ही दोघं इतके भांडलो की अमरनाथचा राग मध्येच कुठेतरी राहून गेला. शेवटी तो म्हणाला, "उद्या परीक्षा होऊ द्या. मग बघू कुणाची चूक हाय ते."

सात नंबर वर्षाने पुसून पुन्हा नव्याने बसवलं. मी शेजारी बसून होतो. तिने विचारलं तेव्हाच बटण दाबलं.

२६ डिसेंबर

परीक्षा झाली. तीन तुकड्या बसल्या. मी मेनच्या खटक्याखाली खुर्ची टाकून बसलो होतो, कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. केरबा झाडू ठेवायला आला, त्यालाही परत पाठवलं. पाणी प्यायलाही उठलो नाही. एकही मशीन अडलं नाही. सात नंबरवर नांदेडची मृण्मयी नावाची मुलगी बसली होती, ती सगळ्यांत पहिली आली.

संध्याकाळी अमरनाथने एजन्सीच्या माणसाला फोन करून नको म्हणून सांगितलं. माझ्यासमोरच केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "अप्पा, खाली खुर्ची लई कडक हाय तुमची. गादी टाकून देतो."

वर्षा जिन्यात माझ्या पाया पडली. मी म्हणालो, अगं, पाया कशाला, उलट मीच. ती काही न ऐकता चहा ठेवायला पळाली.

९ जानेवारी २०१२

वर्षा दोन दिवसांसाठी माहेरी निलंग्याला गेली आहे. क्लासचं वेळापत्रक छापायचं होतं, म्हणून आज तिच्या ऑफिसातल्या मशिनीवर बसलो. तेही लिनक्सचंच. एक गोष्ट खटकली. या मशिनीवर अपडेटची खिडकी कधी उघडलेली मी पाहिलीच नाही. वाटलं, बिचारीचं मशीन दसऱ्यापासून तसंच पडलं असेल, स्वतःकडे बघायला तिला वेळ कुठे.

अपडेटची खिडकी उघडली. सगळं अगदी ताजं होतं. मग सेटिंगचं बटण दिसलं. ते आजवर मी कधी दाबलं नव्हतं, कारण ज्याची गरज नाही ते उघडायचं नाही अशी माझी सवय. आत लिहिलेलं होतं, सुरक्षेची अपडेटं न विचारता आपोआप बसवा. त्यापुढच्या गोलात ठिपका.

लॅबमध्ये जाऊन एक नंबरवर तीच खिडकी उघडली. तिथे ठिपका दुसऱ्या ओळीवर होता, फक्त कळवा. दोन नंबरवर तसाच. तीन नंबरवर तसाच. सात नंबर तर वर्षाने परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्यादेखत नव्याने बसवलं, तिथेही ठिपका 'फक्त कळवा'वर.

मी बराच वेळ बसून विचार केला. झालं असेल ते असं. तिचं मशीन दुकानदाराने लावून देताना आपोआपवर टाकलं असणार, आणि पोरीला याचा पत्ताच नाही. ही सोय आहे हे तिला ठाऊक असतं तर बाराही मशिनं पहिल्याच दिवशी आपोआपवर टाकली असती तिने, आणि दसऱ्यापासून मला रोज खाली यावं लागलं नसतं. बीसीएसला हे शिकवत नसावेत.

आता तिला सांगावं, तर ती जिवाला लावून घेईल. सासऱ्याला तीन महिने फुकट राबवलं, म्हणून रडत बसेल. आधीच हळवी आहे. अमरनाथला कळलं तर तो तिला आयुष्यभर चिडवेल.

म्हणून तिला हे कधीच कळू द्यायचं नाही असं ठरवलं. सेटिंगची खिडकी होती तशी बंद केली, चष्मा पुसला आणि एक नंबरपासून अपडेटं बघायला सुरुवात केली.